पुढाऱ्याचं खासगी वागणं: मत देताना धरायचं की सोडायचं?

ताम्हण

गेल्या आठवड्यात माहेरी गेले होते. गडहिंग्लजकडचं गाव, कर्नाटकाची हद्द हाकेच्या अंतरावर, निम्मे पाहुणे पलीकडचे. त्यामुळे तिकडच्या राजकारणाच्या गप्पा आमच्या सोप्यात नेहमीच्याच. प्रज्वल रेवण्णाचा विषय निघाला. हासनचा माजी खासदार, देवेगौडांचा नातू. घरी कामाला असलेल्या बाईवर बलात्कार केल्याबद्दल ऑगस्ट २०२५ मध्ये बंगळुरूच्या विशेष न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली, ते प्रकरण. सुपारी कातरता कातरता काका म्हणाले, "कोर्टानं केलं ते बरोबरच. पण मतदारानं काय करायचंय? माणूस कामं करतोय का न्हाई तेवढं बघावं. घरात काय करतो ते त्याच्याजवळ."

मावशी शेंगा फोडत बसली होती. सूप तसंच ठेवून ती आत गेली.

ती का उठली ते तिथे बसलेल्या सगळ्यांना कळलं, पण कुणी बोललं नाही. काही वर्षांमागे ती ग्रामपंचायतीला उभी होती. वॉर्ड महिलांसाठी राखीव. समोर माजी सरपंचाची बायको. बॅनरवर बायकोचा फोटो बोटभर आणि नवऱ्याचा हातभर. या माणसाचं तालुक्याच्या गावी दुसरं घर आहे हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. प्रचारात त्यावर एक शब्द निघाला नाही. मावशी विधवा. अर्ज भरायच्या दिवशी एसटी चुकली म्हणून शेजारच्या गुरुजींच्या मोटारसायकलवर मागे बसून तहसीलला गेली. मतदानाच्या आदल्या रात्री तो फोटो गावातल्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर आला. खाली एक अक्षरही लिहिलेलं नव्हतं. मावशी ३१ मतांनी पडली.

म्हणून "पुढाऱ्याचं खासगी वागणं बघावं का" हा प्रश्न कुणी विचारला की मी अडखळते. जसं काही आजवर कुणी बघतच नव्हतं! आपला मतदार पिढ्यान् पिढ्या बघत आलाय. बाईचं बघतो. पुरुषाचं कानावर आलं तर "गडी रंगेल आहे" म्हणून सोडून देतो, नाहीतर "लंगोटाचा पक्का" म्हणून ओवाळतो. समोर जी बाई होती तिला "नको" म्हणता येत होतं का, हे विचारणारा माणूस आमच्या गावात मला अजून भेटलेला नाही.

मला स्वतःला काय वाटतं ते सांगते. पुढाऱ्याने कुणावर प्रेम केलं, लग्न मोडलं, दुसरं केलं, केलंच नाही, यावर मी मत ठरवणार नाही. पण समोरची व्यक्ती त्याच्या पगारावर, त्याच्या सहीवर किंवा त्याच्या हातातल्या तिकिटावर अवलंबून असेल तर मी ते नक्की धरणार. हातात आलेली सत्ता तो दुबळ्यावर कशी चालवतो ते तिथे दिसतं, आणि मी मत देते ते सत्ता कुणाच्या हाती द्यायची यासाठीच.

काकांचा "घरात" हा शब्द मला याच कारणाने लागला. ते घर रेवण्णांचं. झाडलोट करायला, भांडी घासायला येणाऱ्या बाईसाठी ती कामाची जागा. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा घरालाही कामाचं ठिकाण धरतो आणि घरकाम करणाऱ्या बायकांना त्यात घेतो. आपल्या बोलण्यात मात्र उंबऱ्याच्या आत घडलं की ते अजूनही मालकाचं खासगीच असतं.

तुमचं काय मत? विरुद्ध असलं तरी लिहा.

जुना_वार्ताहर

ताम्हणताई, मावशींचं वाचून वाईट वाटलं. तरी मी विरुद्ध बाजूचा आहे.

१९७८ साल. मी एका दैनिकात नुकताच उमेदवारीला लागलो होतो. दिल्लीच्या 'सूर्या' मासिकात जगजीवनराम यांच्या मुलाची एका तरुणीबरोबरची नग्न छायाचित्रं छापून आली. संपादक मनेका गांधी. जगजीवनराम तेव्हा जनता सरकारात संरक्षणमंत्री होते आणि पंतप्रधानपदासाठी त्यांचं नाव घेतलं जात होतं. मुलाचं म्हणणं, मला पळवून नेऊन जबरदस्तीने फोटो काढले. आमच्या कचेरीत अंक आला तो एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहिला. प्रूफं तपासणारे गृहस्थ रोज संध्या करून यायचे, त्यांनीही चष्मा पुसून बघितला. मीही बघितला, आणि त्याची लाज मला आज वाटते, तेव्हा वाटली नव्हती. त्या मुलीबद्दल चार दिवस जे बोललं गेलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दलित समाजातला माणूस पंतप्रधान होण्याची संधी इतक्या जवळ आली होती. ती हुकली त्याला कारणं पुष्कळ, पण त्या फोटोंचा घाव मोठा होता. आणि फोटोत जगजीवनराम नव्हतेच! मुलाच्या वागण्याची किंमत बापाकडून वसूल झाली.

हासनचंच बघा. २६ एप्रिल २०२४ च्या मतदानाआधी ते व्हिडिओ पेनड्राइव्हमध्ये भरून जागोजाग टाकले गेले. बायकांचे चेहरे झाकलेले नव्हते. कितीतरी जणींना घरं सोडून जावं लागलं. ज्यांनी ते वाटले त्यांना या बायकांचा कळवळा होता असं मी मानत नाही. मतदाराला माहिती मिळाली म्हणायचं, आणि तिची किंमत कुणी मोजली ते बघायचंच नाही. हे दार एकदा उघडलं की आत कोण शिरेल ते आपल्या हातात राहत नाही, म्हणून मी ते बंद ठेवा म्हणतो.

गिरणाकाठ

दोघांचंही पटतंय. मी जळगाव जिल्ह्यातला.

१९९४ चं प्रकरण बाहेर आलं तेव्हा मी नववीत होतो आणि ताई लग्नाची. मुलींना नादी लावायचं, फोटो काढायचे आणि त्या फोटोंच्या धाकावर त्यांना वापरायचं. राजकारणातल्या आणि पैशावाल्या लोकांची नावं गावभर घेतली जात होती. विशेष न्यायालय नेमलं, पण साक्षीला उभं राहायची बायकांची हिंमत होईना.

त्याच दिवाळीनंतर नाशिककडचे लोक ताईला बघायला आले. पोहे झाले, चहा झाला, मुलाची आई ताईशी छान बोलली. निघताना मुलाच्या मामांनी चपला घालता घालता विचारलं, "कॉलेज कुठं केलं म्हटलात?" वडील म्हणाले, जळगावला. त्यांच्याकडून निरोप आला नाही. पुढच्याही दोन ठिकाणांहून आला नाही. मग आईने ताईची पत्रिका धुळ्याच्या मामांच्या पत्त्यावरून पाठवायला सुरुवात केली.

ताईने काहीच केलं नव्हतं. शहरातल्या सगळ्या मुलींनी त्या प्रकरणाचा डाग वागवला. त्या वर्षी जळगावच्या मुलाचं लग्न त्यापायी अडलं असं मात्र मी ऐकलं नाही.

शेवंती

यापेक्षा फ्रान्ससारखं करावं. राष्ट्राध्यक्ष मितराँ यांना लग्नाबाहेरची मुलगी होती, पत्रकारांना माहीत होतं, वर्षानुवर्षं कुणी छापलं नाही. १९९६ मध्ये अंत्यविधीला दोन्ही कुटुंबं शेजारी उभी होती. किती समंजस लोक!

ताम्हण

शेवंती, ते चित्र मलाही आवडायचं. पण त्याच्या मागचा भाग बघा. ती मुलगी आणि तिची आई सरकारी घरात राहत होत्या, पहारा सरकारी होता. हे गुपित उघड करण्याची धमकी देणाऱ्या एका लेखकाचे फोन चोरून ऐकले गेले. राष्ट्राध्यक्षांच्या भवनातली एक तुकडी १९८३ ते १९८६ मध्ये लेखक, पत्रकार, वकील अशा कितीतरी लोकांचे फोन ऐकत होती, आणि त्यासाठी जबाबदार असलेल्या अनेकांना २००५ मध्ये न्यायालयाने दोषी ठरवलं. मितराँ यांनी कुणावर प्रेम केलं याच्याशी मला कर्तव्य नाही. पण गुपित राखायला सरकार कामाला लावलं तेव्हा तो प्रश्न फ्रेंच मतदाराचा झाला, आणि मत देताना त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं.

जुना_वार्ताहर काका, तुमचा मुद्दा मनावर घेतलाय. उत्तर उद्या लिहिते, आज घरी पाहुणे आहेत.

दगडीचाळ

साधी गोष्ट आहे. जो बायकोला फसवतो तो जनतेला फसवणार नाही कशावरून?

कवडसा

@दगडीचाळ, असं वाटतं खरं, पण बायकोशी एकनिष्ठ राहून पतसंस्था बुडवणारे, गायरान हडपणारे, पाण्याच्या टँकरची बिलं दोनदा काढणारे तुम्ही पाहिले नसतील असं होणारच नाही. घरातला प्रामाणिकपणा सातबाऱ्यावर उतरतोच असं नाही.

मला भीती दुसरीच आहे. मी समलिंगी आहे आणि पुण्यात एका पक्षाच्या युवक शाखेत काम करतो. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ३७७ कलमातून आमची सुटका केली. तरी उद्या मी नगरसेवकपदासाठी उभा राहिलो तर माझ्या जोडीदाराचा फोटो बाहेर यायला एक दिवसही लागणार नाही. "मतदाराला चारित्र्य बघायचा हक्क आहे" असं तुम्ही म्हणता तेव्हा ते वाक्य माझ्यावर कसं वापरलं जाईल ते मला दिसतं. ताम्हण यांची कसोटी (समोरच्याला नाही म्हणता येत होतं का) मला चालेल. नुसत्या "चारित्र्या"ची कसोटी लावली तर आमच्यासारख्यांनी निवडणुकीच्या वाटेला जायलाच नको.

उसाचा_फड

सगळे बाहेरची उदाहरणं देताहेत. मी बीड जिल्ह्यातला आहे, आमचंच बोलतो.

जानेवारी २०२१ मध्ये धनंजय मुंडे यांच्यावर एका महिलेने बलात्काराची तक्रार दिली. त्यांनी आरोप नाकारला आणि स्वतःच जाहीर लिहिलं की तक्रारदार महिलेच्या बहिणीशी आपले २००३ पासून संबंध आहेत, दोन मुलं आहेत आणि मुलांना आपलं नाव दिलंय. तक्रार त्याच महिन्यात मागे घेतली गेली, मंत्रिपद राहिलं. २०२४ ला परळीतून ते एक लाखाहून जास्त मतांनी निवडून आले. मार्च २०२५ मध्ये मंत्रिपद गेलं ते मस्साजोगच्या सरपंचाच्या खुनाच्या प्रकरणामुळे. दुसऱ्या कुटुंबावरून मतदाराने हिशोब मागितलाच नाही. त्यांनी उघड सांगितलं हे काही लोकांना तर आवडलंच, लपवण्यापेक्षा बरं म्हणाले. मलाही त्यात पोरांच्या बाजूने बरंच वाटलं.

आमच्याकडे मत पडतं ते जातीवर, पाण्यावर आणि उचलीवर. ताम्हणताई विचारतात, बाईला नको म्हणता येत होतं का. हा प्रश्न मला पुढाऱ्यापेक्षा मुकादमाच्या बाबतीत आधी विचारावासा वाटतो. माझी आई वीस हंगाम ऊसतोडीला गेली. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल आधीच घेतलेली, गाव तीनशे किलोमीटर मागे, पालाला दार नाही. रात्री पालात शेजारच्या चार बाया एकत्र झोपायच्या, मधोमध तरण्या पोरी, कडेला म्हाताऱ्या. का झोपायच्या ते मला मोठा झाल्यावर कळलं. त्या मुकादमांतले काहीजण पुढे पंचायत समितीला उभे राहिले आणि निवडून आले. आईने कुणाला मत दिलं ते कधी सांगितलं नाही. मतदानाच्या दिवशी ट्रॅक्टर मुकादमाचाच यायचा.

गिरणाकाठ

उसाचा_फड, "मधोमध तरण्या पोरी" वाचून थांबलो. लिहिलंत ते फार बरं केलंत.

न्यूजर्सीकर

१९९८ मध्ये मला इथे येऊन वर्ष झालं होतं. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांचं मोनिका लेविन्स्की प्रकरण रात्रंदिवस टीव्हीवर. कनिष्ठ सभागृहाने १९ डिसेंबरला महाभियोग मंजूर केला, आणि त्याच दिवसांत गॅलपच्या चाचणीत त्यांची लोकप्रियता ७३ टक्क्यांवर गेली. फेब्रुवारी १९९९ मध्ये सेनेटमध्ये खोटी साक्ष दिल्याच्या कलमावर दोषी म्हणणारे ४५, निर्दोष म्हणणारे ५५. न्यायात अडथळा आणल्याच्या कलमावर ५०-५०. दोषी ठरवायला ६७ लागत होते. अर्थव्यवस्था जोरात होती आणि लोक अगदी ताम्हण यांच्या काकांसारखं बोलत होते. मीही तसंच बोलायचो.

आमच्या ऑफिसात लेविन्स्कीवर रोज नवा विनोद असायचा, क्लिंटनवर त्याच्या निम्म्यानेही नसेल. ती व्हाइट हाउसमध्ये शिकाऊ होती. नातं सुरू झालं तेव्हा ती २२ वर्षांची होती, ते ४९ चे. इतकी वर्षं तिने ते नातं राजीखुशीचंच म्हटलं. २०१८ मध्ये तिने एका लेखात लिहिलं की जगातल्या सर्वांत ताकदवान माणसासमोर आपल्या संमतीला कितपत अर्थ होता याचा आता नव्याने विचार करतेय. हे म्हणायला तिला वीस वर्षं लागली. माझी मुलगी आता २२ वर्षांची आहे, म्हणून मला ते आज वेगळं दिसतं हे कबूल करतो.

दुसरी गोष्ट इकडेही फार कमी लोक लक्षात ठेवतात. सभापती होऊ घातलेले लिव्हिंगस्टन यांचे स्वतःचे लग्नाबाहेरचे संबंध उघड झाले आणि महाभियोगाच्या दिवशीच त्यांनी माघार घेतली. त्यांच्या जागी डेनिस हॅस्टर्ट आले, ज्यांच्याबद्दल कुणाकडे काहीच नव्हतं. आठ वर्षं ते सभापती राहिले. २०१६ मध्ये त्यांना १५ महिन्यांची शिक्षा झाली. बँकेतून पैसे काढताना केलेल्या लपवाछपवीची ती शिक्षा, पण पैसे कशासाठी? राजकारणात येण्याआधी ते शाळेत कुस्तीचे प्रशिक्षक होते आणि तेव्हा त्यांनी मुलांचं लैंगिक शोषण केलं होतं, ते तोंड बंद ठेवण्यासाठी. शोषणाच्या खटल्याची मुदत कधीच टळून गेली होती. सगळा देश एका नात्याचा तपशील चिवडत होता तेव्हा ही मुलं, तोवर चाळिशीकडे झुकलेली, टीव्हीवर त्याच माणसाला शपथ घेताना बघत असतील.

वकिलीण_नागपूर

कायद्याचं थोडक्यात. राजगोपाल विरुद्ध तमिळनाडू (१९९४) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणाचा हक्क मानला, पण सार्वजनिक पदावरच्या माणसाला त्याच्या कर्तव्याशी संबंधित वागणुकीसाठी त्याची ढाल करता येणार नाही असंही म्हटलं. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरला. व्यभिचार २०१८ पासून गुन्हा राहिलेला नाही. उमेदवाराच्या शपथपत्रात प्रलंबित फौजदारी खटले आणि जोडीदार, अवलंबितांची मालमत्ता द्यावी लागते. मतदाराला तेवढं बघायचा हक्क आहेच.

माझा अनुभव मात्र असा की बायका शपथपत्रापर्यंत पोचतच नाहीत. तक्रार नोंदली जाणं हीच मोठी चढण. त्यामुळे "गुन्हा नाही, म्हणजे काही घडलं नाही" असं मतदाराने समजू नये.

आणि माजी मुख्यमंत्री एन. डी. तिवारींचं कुणी लिहिलं नाही. ज्या तरुणाने "हे माझे वडील आहेत" म्हणून दिल्लीत दावा लावला, त्याला डीएनए चाचणीपर्यंत न्यायला चार वर्षं लागली. २०१२ मध्ये अहवाल त्याच्या बाजूने आला, २०१४ मध्ये तिवारींनी त्याला मुलगा मानलं आणि त्याच्या आईशी लग्न केलं. बापाच्या खासगीपणामुळे त्या मुलाची निम्मी तरुणाई न्यायालयात गेली.

दगडीचाळ

वरचं सगळं वाचलं. माझं वाक्य घाईचं होतं. पण बायकोला अंधारात ठेवणाऱ्याला मत द्यायला माझा हात धजणार नाही, ते तसंच राहू दे. माझी आई तशी बायको होती.

ताम्हण

@दगडीचाळ, तुमचा हात धजत नसेल तर धजू नये. त्यावर मी वाद घालणार नाही.

जुना_वार्ताहर काका, तुमच्यासाठी. तुम्ही दार बंद ठेवा म्हणता. पण ते दार बायकांसाठी कधी बंद होतं? फोटो वाटणारे वाटतच राहणार, तुम्ही-आम्ही सभ्यपणे तोंड फिरवलं तरी. हासनचे व्हिडिओ वाटणाऱ्यांबद्दल तुमचं खरं आहे, आणि त्यांच्यावरही कारवाई व्हायला हवी असं मला वाटतं. पण जन्मठेप झाली ती एका कामवालीच्या तक्रारीवर. तिने साक्ष दिली, तिच्या साडीवरचे डाग तपासले गेले. सहा लाखांहून अधिक लोकांनी त्याला मत दिलं होतं. तो ४२ हजारांच्या आसपास मतांनी पडला. मतदान झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी तो जर्मनीला निघून गेला होता. चेहरे बघायची गरज मतदाराला नव्हतीच. एक बाई बोलते आहे आणि तिची तक्रार नोंदली जाते आहे एवढं मतदानाआधी बघायला मिळालं असतं तरी पुरलं असतं.

काल रात्री मावशीला फोन करून हा धागा वाचून दाखवला. ऊसतोडीच्या पालाचं ऐकून ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तो फोटो कुणी काढला ते मला त्याच दिवशी कळलंतं. त्याच्या लग्नात मी पोळ्या लाटल्यात."

जुना_वार्ताहर

त्यांनी तक्रार दिली होती का?

ताम्हण

नाही. मी तेव्हा तेच विचारलं होतं. म्हणाली, तक्रार द्यायची तर फोटो फौजदाराला दाखवायला लागणार. त्या गुरुजींनी त्यानंतर बदली मागून घेतली.